सलाईन लावली, पण लिहिली का?

मराठीत शिरेतून जे जे जातं ते सगळं ‘सलाईन’. आरएल (रिंगर लॅक्टेट) असो, डेक्स्ट्रोज असो, नाहीतर व्हिटॅमिन घालून पिवळी केलेली बाटली असो, नातेवाईक हाक मारणार, “सिस्टर, सलाईन संपत आली.” ओपीडीत बसलेले आजोबाही म्हणणार, “एक सलाईन लावा, म्हणजे अंगात ताकद येईल.” ५०० मिलि नॉर्मल सलाईन म्हणजे अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आतच कॅलरी. एक गोड चहा आणि दोन-चार बिस्किटांत तेवढ्या मिळतात. पण हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या माणसाला हीच बाटली तासाभरात गेली की रात्री दोनला तो उठून बसतो आणि धापा टाकतो.

सगळ्यांना ती इतकी सवयीची झाली आहे की ते औषध आहे हे वॉर्डसुद्धा विसरतो. कायदा विसरत नाही. कुठलं फ्लुइड, किती, किती वेळात आणि त्यात काय मिसळायचं, या चारही गोष्टी ऑर्डर शीटवर डॉक्टरांच्या सहीनिशी असायला हव्यात. ‘आयव्ही फ्लुइड्स अ‍ॅज अ‍ॅडव्हाइज्ड’ (सांगितल्याप्रमाणे शिरेतून फ्लुइड) ही ऑर्डर नव्हे. तशी ऑर्डर असताना बाटली लटकवली, तर वेग ठरवणारी व्यक्ती सिस्टर ठरते आणि पुढे काही झालं तर त्याचं उत्तरही तिलाच द्यावं लागतं.

लावायची कुणी

अमेरिकेत काही राज्यांत शिरेतून द्यायच्या उपचारांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. कॅलिफोर्नियातल्या व्होकेशनल नर्सला त्यासाठी ३६ तासांचा कोर्स आहे: २७ तास थिअरी, ९ तास क्लिनिकल, आणि देखरेखीखाली प्रत्यक्ष शीर टोचून दाखवायची. एवढं करूनही तिच्या कक्षेत मुख्यतः लाइन (शिरेत ठेवायची नळी) घालणं आणि फ्लुइड लावणं येतं. शिरेतून औषध देण्याचा सरसकट परवाना तिला मिळत नाही. आपल्याकडे असं वेगळं लायसन्स नाही. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाची तीन वर्षं किंवा बीएस्सीची चार वर्षं, त्यानंतर महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. कागदोपत्री पात्रता इथेच पूर्ण होते. कॉलेजात डमी हातावर दोनदा कॅन्युला (सुईवरून शिरेत सरकवायची प्लास्टिकची नळी) घातलेली मुलगी आणि आयसीयूत दहा वर्षं काढलेली सिस्टर, दोघींचा कागद सारखाच. मधली दरी भरायचं काम रुग्णालयाचं, आणि तिथेच सगळी गडबड आहे.

एनएबीएच हे रुग्णालयाच्या दर्जाचं मानांकन असलेल्या ठिकाणी निदान रेकॉर्ड तरी मागतात: प्रशिक्षण कधी झालं, कुणी घेतलं, सही कुणाची. बाकी ठिकाणी ‘येतं ना तुला?’ ‘हो मॅडम’ यावर काम भागतं. माझ्या मते नवीन सिस्टरसाठी कमीत कमी एवढं तरी हवं: थेंबांचं गणित आणि धोक्याच्या औषधांची लेखी परीक्षा, डमी हातावर सराव, मग अनुभवी सिस्टरच्या नजरेखाली ठरावीक संख्येनं प्रत्यक्ष रुग्णांवर, आणि प्रत्येक वेळेची तारीख व सही असलेला कागद. तो कागद तिच्या फाइलमध्ये राहिला पाहिजे, आणि त्याची एक प्रत तिच्या स्वतःजवळही. नोकरी बदलली की जुन्या फाइलचा पत्ता लागत नाही. यूकेला जाणाऱ्या आपल्या मुलींना हे तिकडे पोचताच कळतं. पिन नंबर (तिथल्या नर्सिंग नोंदणीचा क्रमांक) हातात आला तरी तिथल्या रुग्णालयाची आयव्ही कॉम्पिटन्सी (शिरेतून औषध देण्याची कौशल्य चाचणी) होईपर्यंत औषधाच्या सिरिंजला हात लावू देत नाहीत.

एएनएमचं, म्हणजे उपकेंद्रातल्या सहायक परिचारिकेचं, वेगळं. उपकेंद्रात बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर सरकारी प्रशिक्षणानुसार ती आरएलमध्ये ऑक्सिटोसिन घालून ड्रिप लावू शकते आणि बाईला वर पाठवू शकते. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस मात्र तिनं दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम असा खोल स्नायूत द्यायचा, शिरेतून नाही. कक्षा म्हणजे काय हे यावरून कळावं. एकच बाई, एकच औषध, पण कुठल्या मार्गानं द्यायचं ते प्रशिक्षणानं ठरवून दिलेलं.

आणि ज्यांची कुठेच नोंदणी नाही, पण पांढरा ड्रेस आहे म्हणून ‘सिस्टर’ म्हणायचं, त्या? त्यांच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा स्प्रिंग मेडोज निकाल प्रत्येक नर्सिंग होमच्या भिंतीवर लावावा असा आहे. टायफॉइड झालेलं लहान मूल. ठरलेलं औषध क्लोरोमायसेटिन. नर्सनं वडिलांना आणायला सांगितलं लॅरिआगो, म्हणजे मलेरियाचं क्लोरोक्विन, आणि ते शिरेतून दिलं. मूल तिथल्या तिथे कोसळलं, हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स कुठल्याही कौन्सिलची नोंदणीकृत नव्हती. डॉक्टरांनी इंजेक्शन स्वतः न देता तिच्यावर सोडलं होतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी वेगळे पाच लाख ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केले.

आता हा निकाल वॉर्डच्या नजरेनं वाचा. औषध बाहेरून मागवलं, म्हणजे चिठ्ठी लिहिली गेली, दुकानदारानं दिलं, वडिलांनी आणलं. तीन हातांतून गेलेली ती व्हायल ऑर्डर शीटशी पुन्हा ताडून पाहायची शेवटची जागा रुग्णाच्या उशाशी होती. लेबल तीनदा वाचायचं असतं: हातात घेताना, भरताना, देताना. तिसरं वाचन बहुतेक जण गाळतात, कारण तोवर औषध सिरिंजमध्ये असतं आणि व्हायल ट्रेमध्ये मागे राहिलेली असते. म्हणून रिकामी व्हायल सिरिंजसोबत खाटेपर्यंत न्यायची. आणि बिनलेबलची भरलेली सिरिंज कुणीही हातात दिली, अगदी डॉक्टरांनी दिली, तरी ती द्यायची नाही.

सुई आत जाताना

उजेड, खुर्ची, हात टेकवायला उशी. निम्मे फसलेले प्रयत्न उभ्यानं, वाकून, मोबाइलच्या टॉर्चवर केलेले असतात.

गेज, म्हणजे नळीच्या जाडीचा आकडा, आधी ठरवा. २४ पिवळा, २२ निळा, २० गुलाबी, १८ हिरवा, १६ करडा, १४ नारिंगी. आकडा जितका लहान तितकी नळी जाड. साध्या फ्लुइडला आणि अँटिबायोटिकला २२ किंवा २० पुरतो. रक्तासाठी, शॉकसाठी, ऑपरेशनसाठी १८ किंवा त्याहून जाड. आजींच्या हातात ‘मोठी लाइन बरी’ म्हणून १८ घालणं हा निव्वळ अत्याचार आहे. जाड नळी बारीक शिरेची सगळी वाट अडवते, आजूबाजूनं रक्त वाहत नाही, औषध तिथेच साचतं आणि दुसऱ्या दिवशी शीर दोरीसारखी लागते.

जागा अग्रबाहूची उत्तम. मनगटाच्या आतल्या बाजूला मज्जातंतू (नर्व्ह) आहेत, तिथे नको. कोपराच्या खोबणीत हात वाकला की ड्रिप बंद, आणि आत सुजलं तरी लवकर दिसत नाही. डायलिसिसचा फिस्टुला (शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) असलेला हात, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेली बाजू आणि लकवा मारलेला हात टाळायचा. टुर्निकेट (हाताला आवळायचा पट्टा) चार-पाच बोटं वर, एक मिनिटाच्या आत. बोटाखाली ठोके लागले तर ती शीर नाही, धमनी आहे, पुढची शोधा.

हात धुणं झालं की ७० टक्के अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडीन, ३० सेकंद घासून, आणि मग ते सुकू द्यायचं. गोम इथेच आहे. फुंकर मारायची नाही, गॉझनं टिपायचं नाही. जंतू मरतात ते सुकताना. आणि एकदा पुसलं की ‘शीर कुठेय बघू’ म्हणून तेच बोट पुन्हा टेकवायचं नाही. वॉर्डात ही चूक दर दुसऱ्या वेळी दिसते.

कातडी खाली ताणून धरा, १० ते ३० अंशांत आत जा. मागच्या कप्प्यात रक्त दिसलं की थांबायचं नाही. कोन कमी करून आणखी दोन-तीन मिलिमीटर पुढे. रक्त दिसतं तेव्हा शिरेत सुईचं टोक गेलेलं असतं, प्लास्टिकची नळी अजून बाहेरच असते. तिथेच नळी ढकलली की ती शिरेची भिंत दुमडते आणि ‘फ्लॅश आला पण गेली नाही’ असं होतं. नळी सरकली की टुर्निकेट सोडा, मग टोकाच्या पुढे शीर दाबून सुई काढा. बाहेर काढलेली सुई त्याच नळीत पुन्हा घालू नका. ती नळी कापू शकते आणि कापलेला तुकडा रक्ताबरोबर हृदयाकडे जातो.

३ ते ५ मिलि नॉर्मल सलाईननं फ्लश करताना नजर सिरिंजवर नको, कातडीवर ठेवा. फुगलं, रुग्ण ‘आई गं’ म्हणाला, किंवा जोर लावावा लागला, तर लाइन बाहेर आहे. जोर लावून ‘उघडायची’ नसते. दोन प्रयत्न झाले की दुसऱ्या सिस्टरला बोलवा. सगळ्यांचे मिळून चारच्या वर जाऊ नयेत. हे प्रयत्न लिहायचे असतात. “दोन वेळा उजव्या हातावर प्रयत्न, न जमल्यानं डाव्या हातावर” असं लिहिण्यात कमीपणा नाही. हातावर चार निळे डाग आणि चार्टवर एकच प्रयत्न, हे वकिलाला फार आवडतं.

कॅन्युला घालायला वेगळं संमतीपत्र लागत नाही. काय करतोय ते सांगितलं आणि रुग्णानं हात पुढे केला की संमती झाली. रक्त चढवायला आणि सेंट्रल लाइनला (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी) लेखी लागते. शुद्धीवरच्या माणसानं ‘नको’ म्हटलं तर चौघांनी धरून लावायची नाही. डॉक्टरांना कळवा, नकार त्याच्या शब्दांत लिहा.

दोन सवयी ज्या आजच सोडाव्यात

पहिली: फ्लशसाठी १०० मिलिची एनएसची (नॉर्मल सलाईनची) एक बाटली, तिच्या रबरात कायमची खुपसलेली सुई, आणि अख्ख्या वॉर्डाला त्यातूनच फ्लश. वापरलेली सिरिंज एकदा जरी त्या सुईला लागली, तर पहिल्या खाटेवरचा हिपॅटायटिस विसाव्या खाटेपर्यंत जायला वाट मोकळी. एक रुग्ण, एक सुई, एक सिरिंज, एक अँप्युल. महाग पडतं ही सबब कुठल्याच आयोगापुढे टिकणार नाही.

दुसरी: प्लास्टिकची बाटली शेवटी हळू पडायला लागली की वरून सुई खुपसून हवा आत सोडणं. आपल्याकडच्या निम-कडक बाटल्यांमुळे ही खोड लागली. त्या सुईतून वॉर्डाची हवा, धूळ, जंतू थेट फ्लुइडमध्ये जातात. शिवाय बाटली लाल पिशवीत टाकताना ती सुई मावशींच्या बोटात जाते. हवेसाठी फिल्टर असलेला एअर-व्हेंट सेट मिळतो, तो मागवा.

थेंबांचं गणित

साध्या आयव्ही सेटवर २० थेंब म्हणजे १ मिलि, मायक्रोड्रिपवर ६०. पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचा. सगळे सेट सारखे नसतात. ५०० मिलि ४ तासांत द्यायचं असेल तर ताशी १२५ मिलि. साध्या सेटवर ताशी मिलिला ३ नं भागा: ४२ थेंब मिनिटाला. मायक्रोवर ताशी मिलि आणि मिनिटाचे थेंब एकच, म्हणून लहान मुलांना तो बरा.

घड्याळ हातात घेऊन पूर्ण मिनिट मोजा, मग १५ मिनिटांनी परत मोजा. रुग्ण कुशीवर वळला, हात वाकवला, नातेवाईकानं खाट वर केली की वेग बदलतो. रोलर क्लँप काही पंप नाही. बाटलीवर मायक्रोपोरची पट्टी उभी चिकटवून तिच्यावर तासातासाच्या खुणा करा. ड्यूटीवर येणारी सिस्टर तीन पावलांवरून ओळखते की ड्रिप मागे आहे की पुढे. मागे पडलेली ड्रिप ‘कव्हर’ करायला क्लँप पूर्ण सोडणं हा गुन्हाच समजावा.

लक्ष ठेवण्याचं महत्त्व २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भोपाळच्या एका डेंग्यू प्रकरणात अधोरेखित केलं. फ्लुइड दिलं होतं. पण त्या रुग्ण महिलेच्या रक्ताच्या तपासण्या आणि बाकीचे निकष मार्गदर्शक सूचनांनुसार वारंवार पाहिले गेले नाहीत, हा निष्काळजीपणा ठरला आणि १५ लाखांची भरपाई रुग्णालयावर आली. डेंग्यूत फ्लुइड कमी पडलं तरी माणूस जातो आणि जास्त झालं तरी जातो. म्हणून बाटली लावल्याच्या वेळेइतकीच त्यानंतरची नाडी, बीपी, लघवी आणि हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) यांची वेळ मोलाची.

माणूस नेणारी औषधं

पोटॅशियम क्लोराइड सगळ्यात वर. १० मिलिच्या १५ टक्के अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक). सरळ सिरिंजनं शिरेत दिलं तर हृदय थांबतं, पुन्हा चालू होईलच असं नाही. हाताच्या शिरेतून साधारण लिटरला ४० आणि तासाला १० ही मर्यादा धरतात. त्यापेक्षा जास्त हवं असेल तर सेंट्रल लाइन आणि मॉनिटर. हे पाठ असलेल्यांच्याही हातून एक चूक होते. बाटली लटकलेली, ड्रिप चालू, आणि खालच्या पोर्टमधून केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) टोचायचं. ते जड असतं, तळाशी बसतं, आणि तळातच सेटचं तोंड. ड्रिपनं देतोय असं वाटत असताना पहिल्या काही मिनिटांत बहुतेक सगळं पोटॅशियम जवळजवळ पुश केल्यासारखं जातं. बाटली खाली काढा, क्लँप बंद करा, औषध घाला, चांगली आठ-दहा वेळा उलटीपालटी करा, काय आणि किती घातलं त्याचं लेबल लावा, मग लटकवा. आणि वॉर्डच्या सामान्य ट्रेमध्ये केसीएलचं अँप्युल एनएसच्या शेजारी नको. अंधारात हात तिकडेच जातो.

इन्सुलिनचा घोळ खास आपल्याकडचा. बाजारात ४० युनिट प्रति मिलि आणि १०० युनिट प्रति मिलि अशा दोन्ही व्हायल आहेत. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी. ५० मिलि एनएसमध्ये ५० युनिट घालायचे तर ४० च्या व्हायलमधून १.२५ मिलि लागतं, १०० च्या व्हायलमधून ०.५ मिलि. सवयीनं १०० च्या व्हायलमधून १.२५ ओढलं की सिरिंज पंपात १२५ युनिट गेले. ऑर्डर युनिटमध्ये, व्हायल हातात, आणि दुसऱ्या सिस्टरचं स्वतंत्र गणित. ‘ताई, बरोबर आहे ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. उत्तर न सांगता तिला करायला द्या.

बाकीची भराभर. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे खडे होतात. मोठ्यांना मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही. सेफ्ट्रायॅक्सोन आणि आरएल एकाच लाइनमध्ये नाही, आरएलमध्ये कॅल्शियम असतं. नवजात बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल तर सेफ्ट्रायॅक्सोन नाहीच. व्हँकोमायसिन मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जोरात नाही, म्हणजे १ ग्रॅमला १०० मिनिटं; घाईत दिलं की मान आणि चेहरा लालबुंद, बीपी खाली. अँफोटेरिसिन ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. रक्ताच्या लाइनमध्ये नॉर्मल सलाईनशिवाय काहीही नाही, पिशवी ४ तासांत संपलीच पाहिजे, आणि पहिली १५ मिनिटं खाटेजवळून हलायचं नाही.

ऑर्डरच चुकीची वाटली तर? ‘डॉक्टरांनी लिहिलं म्हणून दिलं’ हा बचाव तोकडा आहे. तिच्याजागी साधारण कौशल्याची सिस्टर असती तर तिला चूक दिसली असती का, हे पाहिलं जातं. भांडायची गरज नसते. “सर, बेड सातला केसीएल एक अँप्युल आयव्ही लिहिलंय. ५०० मिलिमध्ये घालून चार तासांत द्यायचंय ना? तसं लिहून देता का?” इतकं पुरतं. सर वैतागले, ‘दे म्हटलं ना’ म्हणाले, तर इंचार्ज सिस्टरला सांगा, त्याही गप्प बसल्या तर मॅट्रनला. औषध थांबवा, आणि कुणाला किती वाजता कळवलं ते लिहा. फोनवरची ऑर्डर असेल तर ऐकताना लिहा, लिहिलेलं वाचून दाखवा, शेजारी दुसरी सिस्टर ऐकत असेल तर तिची सही घ्या आणि डॉक्टरांची सही २४ तासांत करून घ्या. फिफ्टीन आणि फिफ्टी हे फोनवर किती सारखे ऐकू येतात ते रात्रपाळीवाल्यांना विचारा. म्हणून आकडे सुटे सांगायचे: एक-पाच.

सुजलेली लाइन

दर पाळीला निदान एकदा पट्टी न उचलता बघा आणि बोटानं चाचपा. बेशुद्ध रुग्ण, लहान मूल किंवा जहाल औषध असेल तर तासाला. दुखणं, लाली, सूज यांपैकी एक हलकंसं असेल तर लक्ष ठेवा. दोन असतील तर कॅन्युला काढा, ‘अजून चालू आहे ना’ म्हणत बसू नका. बऱ्याच ठिकाणी ७२ तासांनी बदलायचा नियम आहे, काही ठिकाणी गरजेप्रमाणे. तुमच्या रुग्णालयाचं धोरण जे असेल ते पाळा. पण घाईत, अपघात विभागात, नीट न पुसता घातलेली लाइन २४ ते ४८ तासांत बदला. नवीन तारीख पट्टीवर.

नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे बीपी वाढवणारं औषध हाताच्या मागच्या बारीक शिरेत चालू आहे असं समजा. पहिली खूण सूज नसते. शिरेच्या वाटेवर कातडी पांढरी आणि गार पडते. त्याच क्षणी थांबवा. सेट काढा, कॅन्युला काढू नका. तिला छोटी सिरिंज लावून जे मागे ओढता येईल ते ओढा, मग काढा. फ्लश अजिबात नाही, त्यानं औषध आणखी पसरतं. पांढऱ्या भागाची सीमा पेनानं आखा, वेळ लिहा, हात वर ठेवा, दुसऱ्या चांगल्या लाइनमधून औषध चालू राहील ते आधी पाहा, नाहीतर बीपी कोसळेल. कोरडा गरम शेक द्या. बर्फ नको, शिरा आधीच आवळलेल्या आहेत. उतारा आहे फेंटोलामाइन, ५ ते १० मिलिग्रॅम १० मिलि सलाईनमध्ये, डॉक्टरांनी त्या भागात १२ तासांच्या आत टोचायचं. ते आपल्या फार्मसीत आहे का हे लाइन सुजण्याआधी विचारून ठेवावं.

कातडी काळी पडली आणि प्रकरण ग्राहक आयोगात गेलं, तर प्रश्न ‘का सुजली’ एवढाच नसतो. लाइन कधीकधी सुजतेच. प्रश्न असतो: शेवटचं कधी बघितलं होतं?

कागद

“आयव्ही लाइन सिक्युअर्ड, फ्लुइड्स स्टार्टेड.” अशी नोंद हजारो केसपेपरवर आहे. तिनं कुणाचंच रक्षण होत नाही. तीच नोंद अशी हवी: “१०.२०, लेखी ऑर्डरप्रमाणे डाव्या अग्रबाहूत २० गेज, पहिल्या प्रयत्नात. ५ मिलि एनएसनं फ्लश, दुखणं-सूज नाही. एनएस ५०० मिलि, ४२ थेंब. नाडी ८८, बीपी ११०/७०. आग किंवा सूज वाटल्यास लगेच सांगायला सांगितलं.” खाली पूर्ण नाव, सही. लिहायला एक मिनिट लागतं.

चूक झाली तर एक आडवी रेघ, वेळ, सही; व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. राहून गेलेली नोंद ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून खरी वेळ टाकून करावी. पाळी संपताना बसून ८, १०, १२, २ असे सगळे चौकोन एकाच पेनानं भरलेले ओळखू येतात, आणि रुग्ण साडेअकराला एक्स-रेला गेलेला असताना बाराचं बीपी वॉर्डात घेतलेलं दिसलं की सगळा चार्टच खोटा ठरतो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाचं रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असतं. ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. तुम्ही आज लिहिलेली ओळ दीड वर्षानं कुणीतरी मोठ्यानं वाचू शकतं.

फौजदारी बाजूची एक गोष्ट नर्सेसपर्यंत नीट पोचलेली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना घडलं तर दोन वर्षांपर्यंत. हा व्यावसायिक कोण ते त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे: वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली मान्य पदवी आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी त्यात येत नाही. शब्दशः वाचलं तर एकाच खाटेशेजारी उभ्या डॉक्टरांना दोन वर्षांची मर्यादा आणि सिस्टरला पाच. हे अन्यायाचं आहे, संघटनांनी यावर आवाज उठवायला हवा. तोवर निदान माहीत तरी असावं.

सुई आणि पिशव्या

कॅन्युलाची सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, लगेच, खाटेजवळच. टोपी परत लावायची नाही. आयव्ही सेट, बाटली, बिनसुईची सिरिंज लाल पिशवीत. रक्ताचा कापूस आणि रिकामी रक्ताची पिशवी पिवळ्या पिशवीत. काचेची अँप्युल आणि व्हायल निळ्या खुणेच्या डब्यात. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ चे आहेत आणि ते मावशी-मामांच्या बोटांसाठी आहेत.

टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा. पिळू नका, चोखू नका, स्पिरिट ओतू नका. इंचार्जला सांगा, वेळ लिहून घ्या. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर उपयोग नाही. सुरू केली तर २८ दिवस. हिपॅटायटिस बीच्या तीन लसी झाल्या आहेत का, आणि नंतर टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) १० च्या वर आला का, हे कळण्याची वेळ टोचल्यानंतरची नसावी. घाबरून लपवणाऱ्या मुली पुष्कळ. घटनेचा अहवाल त्याच दिवशी नसेल तर नंतर रजा, खर्च, भरपाई यांतलं काहीही मागताना तोंड उघडायला जागा राहत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी गडबड बिलाच्या खिडकीवर असते आणि रुग्ण कॅन्युलासकट रिक्षात बसतो. काढताना टोक अखंड आहे का पाहा, गॉझनं दोन-तीन मिनिटं दाबा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त, कोपर दुमडायला सांगू नका. मग डिस्चार्ज कार्ड देण्याआधी नोंद: “१२.४०, कॅन्युला काढला, टोक अखंड, जागा स्वच्छ, रक्तस्राव नाही.”